चाळणी एकच, निवाडा वेगळा

मूल दीड वर्षाचे होत आले की घरातल्या सगळ्यांचे लक्ष दोन गोष्टींकडे लागते. ते चालू लागले का आणि बोलू लागले का? दादी म्हणते, "याचे अब्बूसुद्धा उशिरा बोलले होते." नानी म्हणते, "मुलगे उशिराच बोलतात." बहुतेक वेळा या दोघींचे म्हणणे खरे ठरते. पण काही मुले अशी असतात की नाव घेऊन हाक मारली तरी वळून पाहत नाहीत. आकाशातले विमान बोटाने दाखवून आईचे लक्ष वेधत नाहीत. रिकाम्या कपातून चहा पिण्याचा लटका खेळ खेळत नाहीत. खेळण्यातल्या मोटारीचे एकच चाक तासन्‌तास फिरवत बसतात. अशा वेळी मनात शंका यायला हवी ती स्वमग्नतेची. तिलाच आज सर्वजण ऑटिझम म्हणतात.

स्वमग्नता हा आईच्या वागण्याचा दोष नाही आणि ती कुणाच्या नजरेने लागत नाही. लसीमुळेही ती होत नाही. मेंदूच्या वाढीतले हे वेगळेपण जन्मापासून असते आणि आयुष्यभर सोबत राहते. औषध देऊन ते घालवता येत नाही. मात्र ते लवकर ओळखले गेले, मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे हे आई-वडिलांना शिकायला मिळाले, तर मुलाचे बोलणे, मिसळणे, स्वतःची कामे स्वतः करणे यांत पुष्कळ फरक पडू शकतो. म्हणूनच "लवकर ओळखा" यावर जगभरचे डॉक्टर भर देतात.

आता लवकर ओळखायचे ते कसे? रक्ताची तपासणी किंवा एखादा फोटो काढून स्वमग्नता कळत नाही. त्यासाठी प्रश्नावली वापरतात. या प्रश्नावल्यांचा सर्वाधिक वापर जिथे होतो त्या अमेरिकेत गेल्या काही वर्षांत एक गंभीर गोष्ट पुढे आली आहे. ही प्रश्नावली सर्व मुलांना सारखाच न्याय देत नाही. गोऱ्या घरातल्या मुलाला ती जशी ओळखते, तशी कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो घरातल्या मुलाला ओळखत नाही. या लेखात आम्ही त्याची कारणे पाहणार आहोत. कारण हा प्रश्न अमेरिकेचा असला तरी त्यातला धडा आपल्या घरांनाही लागू पडतो.

चाळणी म्हणजे काय?

या तपासणीला आम्ही चाळणी म्हणतो, कारण तिचे काम पीठ चाळण्यासारखेच आहे. चाळणी निदान करत नाही. कोणत्या मुलाकडे बारकाईने पाहायला हवे, एवढेच ती सांगते. तिची छिद्रे फार मोठी असतील तर कोंडा खाली जातो. फार बारीक असतील तर चांगले पीठही वर अडकते. म्हणजे चाळणीची चूक दोन प्रकारची असू शकते. पहिल्या प्रकारात मूल खरोखर स्वमग्न असते आणि "सारे ठीक आहे" असा निकाल येतो. दुसऱ्या प्रकारात मूल स्वमग्न नसते आणि "धोका आहे" असे सांगितले जाते. पहिल्या चुकीने मुलाची मोलाची वर्षे जातात, दुसरीने आई-वडिलांची झोप उडते.

सन १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'चॅट' नावाची चाळणी मांडली. तिच्यात पालकांना प्रश्न विचारले जात, शिवाय आरोग्यसेविका मुलाला स्वतः पाहून काही नोंदी करी. २००१ मध्ये अमेरिकेत डायना रॉबिन्स, डेबोरा फाइन आणि मॅरिअन बार्टन यांनी तिचे नवे रूप आणले. त्याचे नाव 'एम-चॅट'. अमेरिकेत घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका नसल्याने यातले निरीक्षण गळाले आणि सारा भार पालकांच्या उत्तरांवर आला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

आजच्या सुधारित एम-चॅटमध्ये २० प्रश्न आहेत आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे द्यायचे आहे. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. ० ते २ गुण आले तर धोका कमी. ८ किंवा अधिक आले तर मुलाला थेट तज्ज्ञाकडे पाठवायचे. ३ ते ७ गुण आले तर मात्र पालकांशी पुन्हा बोलून, उदाहरणे विचारून, प्रत्येक शंकास्पद उत्तराची खातरजमा करायची असते. ही दुसरी पायरी या चाळणीचा प्राण आहे. २०१४ मध्ये १६,००० हून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही पायऱ्या नीट पार पाडून जी मुले धोक्याच्या यादीत राहिली, त्यांपैकी सुमारे ४७ टक्के मुले स्वमग्न निघाली आणि जवळजवळ ९५ टक्के मुलांमध्ये वाढीसंबंधी काही ना काही अडचण होतीच. म्हणजे चाळणी नीट वापरली तर ती उपयोगी आहे, यात शंका नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने प्रत्येक मुलाची १८ व्या आणि २४ व्या महिन्यात अशी तपासणी करावी, अशी शिफारस केली आहे.

दवाखान्यातले चित्र

पण अभ्यासासाठी नेमलेल्या प्रशिक्षित माणसांच्या हातातली चाळणी वेगळी आणि गर्दीच्या दवाखान्यातली चाळणी वेगळी. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाशी जोडलेल्या दवाखान्यांतील सुमारे २६,००० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे ९१ टक्के मुलांची तपासणी झाली होती. हा आकडा कौतुकाचाच. मात्र ज्या मुलांना पुढे स्वमग्नता असल्याचे निदान झाले, त्यांपैकी फक्त ३९ टक्के मुलांना या चाळणीने पकडले होते. उरलेली मुले "ठीक आहे" या शिक्क्यासह घरी गेली होती. उलट, ज्यांना "धोका आहे" म्हटले गेले, त्यांतील सुमारे १५ टक्केच पुढे स्वमग्न ठरली. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, गौरेतर आणि कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांची तपासणी कमी झाली होती आणि झाली तेव्हा तिची अचूकताही कमी होती.

पुढच्याच वर्षी यूटा राज्यातील ३६,००० मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथेही चाळणीने स्वमग्न मुलांपैकी सुमारे ३३ टक्केच पकडली, आणि लॅटिनो म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घरांतील मुलांची तपासणी तुलनेने कमी झाली होती.

याचा अर्थ चाळणी फेकून द्यावी असा नाही. त्याच यूटाच्या पाहणीत, चाळणीने वेळीच इशारा दिलेल्या मुलांचे निदान सरासरी साडेअडतीस महिन्यांच्या वयात झाले; जी मुले तपासलीच गेली नव्हती त्यांचे साडेअठ्ठेचाळीस महिन्यांच्या. दहा महिन्यांचा हा फरक लहानग्याच्या आयुष्यात फार मोठा असतो. प्रश्न एवढाच की हा दहा महिन्यांचा लाभ सर्वांना का मिळू नये?

चूक नेमकी कोठे होते?

वाचकांना वाटेल की कृष्णवर्णीय मुलांची स्वमग्नताच वेगळी असेल. तसे नाही. मुलाच्या कातडीच्या रंगाने स्वमग्नतेचे स्वरूप बदलत नाही. बदलते ते प्रश्न विचारणारे, उत्तर देणारे आणि त्या उत्तराचा अर्थ लावणारे. आम्हाला यात चार पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी आहे ती प्रश्न कुणाला समोर ठेवून लिहिले याची. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी ज्या ११ मुलांवरून स्वमग्नतेचे पहिले वर्णन लिहिले, ती सारी गोऱ्या घरांतील होती आणि त्यांचे आई-वडील बहुतेक उच्चशिक्षित होते. तेव्हापासून "हा शिकल्यासवरल्या गोऱ्यांच्या घरातला आजार" असे चित्र डॉक्टरांच्या मनात कितीतरी दशके राहिले. प्रश्नावल्या तयार करतानाच्या अभ्यासांतही इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्या कुटुंबांचा भरणा अधिक असे. अंगरखा ज्याच्या मापाने शिवला, त्यालाच तो नीट बसणार.

दुसरी पायरी भाषेची. २० प्रश्नांपैकी १७ प्रश्नांना 'नाही' हे धोक्याचे उत्तर आहे, तर तीन प्रश्नांना 'हो' हे धोक्याचे उत्तर आहे. "मूल बहिरे असावे असे तुम्हाला कधी वाटले का?" हा त्यांतला एक. घाईघाईने 'हो, हो' अशा खुणा करत जाणारी आई इथे सहज चुकते. तिचे शिक्षण कमी असेल, किंवा कागद तिच्या भाषेत नसेल, तर चूक आणखी वाढते. अमेरिकेतल्या एका ग्रामीण भागात झालेल्या अभ्यासात दिसले की अल्पसंख्य आणि कमी शिकलेल्या मातांची उत्तरे या प्रश्नावलीत एकमेकांशी नीट जुळत नव्हती. कॅलिफोर्नियातील बालरोगतज्ज्ञांची पाहणी तर बोलकी आहे. तिथे स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांची वस्ती मोठी. तरीही वाढीची सर्वसाधारण तपासणी आणि स्वमग्नतेची तपासणी, या दोन्ही शिफारशीप्रमाणे स्पॅनिशमध्ये करणारे डॉक्टर केवळ १० टक्के होते.

भाषेबरोबर रीतही येते. नजरेला नजर देणे, एखाद्या वस्तूकडे बोट करणे, लटक्या खेळात बाहुलीला भरवणे यांवर प्रश्नावलीचा भर असतो. काही समाजांत मोठ्यांकडे एकटक पाहणे किंवा माणसाकडे बोट दाखवणे बेअदबीचे मानले जाते. जिथे घरात सहा-सात माणसे आहेत, तिथे मुलाने बोट दाखवण्याआधीच कुणीतरी वस्तू हातात देते. अशा घरात 'हो' आणि 'नाही' यांचा अर्थच थोडा बदलतो.

तिसरी पायरी खातरजमेची. पहिल्या कागदावर अल्पसंख्य आणि कमी शिकलेल्या घरांतील मुले अधिक प्रमाणात धोक्यात दिसतात. पण पालकांशी पुन्हा नीट बोलणे झाले की हा फरक बराचसा नाहीसा होतो, असे एम-चॅट तयार करणाऱ्या गटाच्याच कामातून दिसले आहे. म्हणजे औषध चाळणीतच आहे. पण हे बोलणे वेळखाऊ असते. दवाखान्यात वेळ नसतो, फोन लागत नाही, आईला कामावरून सुटी मिळत नाही, दुभाषी हाताशी नसतो. मग ही पायरीच गाळली जाते, आणि जिला तिची सर्वाधिक गरज आहे तीच आई तिच्यापासून वंचित राहते.

चौथी पायरी अर्थ लावण्याची. अटलांटा भागातील एका अभ्यासात, चाळणीत धोक्याचा इशारा मिळालेल्या लहान मुलांच्या पालकांना विचारले गेले की तुम्हाला मुलाबद्दल कसली काळजी वाटते. कृष्णवर्णीय पालकांनी स्वमग्नतेशी जोडलेल्या काळज्या, म्हणजे मिसळत नाही, तेच ते करत राहते, या गोऱ्या पालकांपेक्षा कमी सांगितल्या. प्रश्नावलीचा सारा भार पालकांच्या शब्दांवर, असे आम्ही वर म्हटले ते यासाठी. पालकांना स्वमग्नतेची माहितीच पोहोचली नसेल तर ते तिचे नाव कसे घेणार? आणि डॉक्टरांनी कागदापलीकडे मुलाकडे पाहिले नाही, तर ते तरी काय ओळखणार?

दोष डॉक्टरांच्या नजरेचाही असतो. फिलाडेल्फियातील संशोधक डेव्हिड मँडेल यांना २००७ मध्ये असे आढळले की तज्ज्ञाकडच्या पहिल्या भेटीत स्वमग्नतेचे निदान होण्याची शक्यता कृष्णवर्णीय मुलांमध्ये गोऱ्या मुलांच्या मानाने अडीच पटींहून कमी होती. त्यांच्या वाट्याला वर्तनाच्या बिघाडाची दुसरीच नावे येत. एकच वागणे, पण एका मुलाला "मदत हवी" आणि दुसऱ्याला "हा त्रासदायक आहे."

उशिराची किंमत

त्याच मँडेल यांनी २००२ मध्ये सरकारी आरोग्य योजनेतील मुलांचा अभ्यास केला होता. गोऱ्या मुलांचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी झाले होते, कृष्णवर्णीय मुलांचे ७.९ व्या वर्षी. दीड वर्षाहून अधिक अंतर. ही सारी कुटुंबे गरीब होती आणि एकाच योजनेत होती, म्हणजे केवळ पैशाने हे अंतर समजावता येत नाही.

२०२० मध्ये ५८४ कृष्णवर्णीय स्वमग्न मुलांच्या अभ्यासातून पुढे आले की निदान सरासरी ६५ महिन्यांच्या वयात, म्हणजे साडेपाच वर्षांच्या आसपास झाले. पालकांना पहिली शंका आल्यानंतर निदान हाती पडेपर्यंत सरासरी साडेतीन वर्षे गेली. बहुतेक कुटुंबांकडे आरोग्य विमा होता. आई सांगत होती, पण ऐकणारे कुणी नव्हते.

साडेतीन वर्षे म्हणजे काय, हे अमेरिकेच्या कायद्यावरून कळते. तिथे वाढीत मागे असलेल्या मुलाला जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत घरी येऊन मदत करणारी सरकारी व्यवस्था आहे. निदान पाचव्या वर्षी झाले तर ते दार केव्हाच बंद झालेले असते. कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेकांना ती मदत मिळालीच नाही, कारण त्यांच्याबाबत कुणी वेळीच "होय, काहीतरी आहे" असे म्हटले नाही.

मिनियापोलिसचे सोमाली घर

यातला एक प्रसंग आपल्या वाचकांनी आवर्जून जाणून घ्यावा, कारण तो मुस्लिम वस्तीत घडला. मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहरात सोमालियाच्या यादवी युद्धातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. २००८ च्या सुमारास तिथल्या मातांच्या लक्षात आले की विशेष वर्गात आपली मुले फार दिसतात. मायदेशी असताना या आजाराचे नावही त्यांनी ऐकले नव्हते. त्यांनी आवाज उठवला, आणि मिनेसोटा विद्यापीठाने अभ्यास हाती घेतला.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये निकाल आला. ७ ते ९ वर्षांच्या सोमाली मुलांत ३२ पैकी एक आणि गोऱ्या मुलांत ३६ पैकी एक मूल स्वमग्न होते. हा फरक नगण्य होता. पण दुसरा आकडा धक्कादायक होता. नोंद झालेल्या सोमाली स्वमग्न मुलांपैकी प्रत्येकाला बौद्धिक अक्षमताही होती. इतर समाजांत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. या आकड्याचे एक सरळ स्पष्टीकरण असे होऊ शकते की ज्यांची लक्षणे ठळक होती तीच सोमाली मुले व्यवस्थेच्या नजरेस पडली. हुशार, बोलणारी, पण मिसळू न शकणारी मुले गाळातच राहिली.

उत्तराची वाट पाहणाऱ्या या मातांजवळ उत्तर घेऊन पोहोचले ते भलतेच. लसीमुळे स्वमग्नता होते, असे म्हणणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला होता. तरीही तेच वेकफिल्ड मिनियापोलिसला येऊन सोमाली पालकांना भेटले. गोवर, गालगुंड, रुबेला यांची लस घेणाऱ्या सोमाली मुलांचे प्रमाण २००४ मध्ये ९२ टक्के होते, ते २०१४ मध्ये ४२ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये तिथे गोवराची साथ पसरली. ७५ जण आजारी पडले आणि त्यांतली बहुतेक सोमाली मुले होती. मग आरोग्य खात्याला सोमाली कार्यकर्ते आणि मशिदींचे इमाम यांना सोबत घेऊन लोकांचा विश्वास पुन्हा मिळवावा लागला.

ज्या समाजाला प्रामाणिक उत्तर वेळेवर मिळत नाही, तो खोट्या उत्तराच्या आहारी जातो. त्यात दोष केवळ त्या समाजाचा नसतो.

चित्र बदलते आहे, पण

अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र दर दोन वर्षांनी आठ वर्षांच्या मुलांची मोजणी करते. पूर्वीच्या मोजण्यांत गोरी मुले पुढे असत. २०२० च्या मोजणीत, म्हणजे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, प्रथमच उलट चित्र दिसले. दर हजारी गोऱ्या मुलांत २४.३, कृष्णवर्णीयांत २९.३, लॅटिनोंत ३१.६ आणि आशियाई व पॅसिफिक बेटांतील मुलांत ३३.४. २०२२ च्या मोजणीत एकूण प्रमाण ३१ पैकी एक असे झाले आणि गोऱ्या मुलांचे प्रमाण तेव्हाही या गटांपेक्षा कमीच राहिले. आशियाई गटात भारतीय कुटुंबेही येतात, म्हणून ज्यांचे भाऊ-बहीण तिकडे आहेत त्यांनी हा आकडा जरूर कळवावा.

स्वमग्नता एकाएकी वाढली, असे यावरून समजू नये. पूर्वी नजरेआड राहिलेली मुले आता मोजली जाऊ लागली, हा त्याचा मोठा भाग आहे. मात्र २०२० च्या त्याच अहवालात कृष्णवर्णीय स्वमग्न मुलांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना बौद्धिक अक्षमताही होती, तर गोऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते. म्हणजे लक्षणे सौम्य असलेली कृष्णवर्णीय मुले आजही सुटत असावीत.

नव्या वाटाही शोधल्या जात आहेत. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने टॅब्लेटवर चालणारे एक ॲप तयार केले. मूल पडद्यावरची छोटी चित्रफीत पाहते आणि कॅमेरा त्याची नजर, चेहरा, हाकेला दिलेली प्रतिक्रिया टिपतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७५ मुलांच्या अभ्यासात त्याने सुमारे ८८ टक्के स्वमग्न मुले ओळखली, आणि वंश किंवा मुलगा-मुलगी या भेदाने निकालात मोठा फरक दिसला नाही. त्यातली स्वमग्न मुले मात्र ४९ च होती. म्हणून आशा बाळगावी, पण घाईने टाळ्या वाजवू नयेत.

आपल्या घरांसाठी धडा

परदेशी कागदाचे नुसते भाषांतर पुरत नाही, हे आपल्या शेजारी श्रीलंकेत दिसले. भाषांतरित एम-चॅटने तिथे फारच थोडी स्वमग्न मुले ओळखली. मग तिथल्या डॉक्टरांनी चित्रांवर आधारित चाळणी तयार केली. आपल्या देशातही आपली साधने आहेत. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेले 'इसा' हे ४० मुद्द्यांचे मापन दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वापरले जाते. 'इन्क्लेन' या संशोधन संस्थेने भारतीय मुलांसाठी वेगळी निदान-प्रश्नावली आखली. तिच्या देशव्यापी पाहणीत उत्तर गोव्यातील मुलेही होती. गोव्याची 'संगत' संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील गट यांनी मिळून असे दाखवले की तज्ज्ञ नसलेले, पण नीट प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्तेही आई-वडिलांना स्वमग्न मुलाशी संवाद साधायला शिकवू शकतात.

आपल्या घरांत भाषेचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. घरी दखनी किंवा कोकणी, मदरशात उर्दू, अंगणवाडीत मराठी, दवाखान्यात हिंदी-इंग्रजीची मिसळ. म्हणून आम्ही वाचकांना काही गोष्टी सुचवतो.

प्रश्नावली भरताना प्रश्न समजला नाही तर समजेपर्यंत विचारा. आपल्या भाषेत सांगायला लावण्यात लाज नाही. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर थांबू नका. मूल काय करते त्याचे उदाहरण द्या. शक्य असल्यास दिवसभर मुलाजवळ असणारी व्यक्ती, मग ती दादी असो, फुफी असो, तिला सोबत न्या. मुलाच्या वागण्याचा मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.

"धोका आहे" असा निकाल आला तर घाबरू नका. तो निकाल नव्हे, बारकाईने पाहण्याची सूचना आहे. "ठीक आहे" असे म्हटले तरी शंका उरली असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी मागा. बोलू लागलेले मूल येत असलेले शब्द विसरू लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नका. हाकेला न वळणाऱ्या मुलाचे कान आधी तपासून घ्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत येतात. त्यांना शंका मोकळेपणाने सांगा. जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर उपचारासाठीची केंद्रे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेतून एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळू शकतो. ताबीज-दुआ हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण त्यात डॉक्टरांकडे जाण्याचे वर्ष वाया जाऊ नये. दुआही करावी आणि दवाही घ्यावी.

आणि मोहल्ल्यात एखाद्या घरी असे मूल असेल, तर त्याच्या आईला "तुझेच लाड नडले" असे कुणी म्हणू नये. अमेरिकेतील शेकडो मातांनी साडेतीन वर्षे सांगूनही त्यांचे कुणी ऐकले नाही. आपल्याकडच्या आईला डॉक्टरांच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी घरच्यांनाच पटवण्यात ती वर्षे घालवावी लागू नयेत. चाळणी सुधारायला संशोधकांना वेळ लागेल. आईचे म्हणणे ऐकून घ्यायला आपल्याला कुठल्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही.